शब्दामागे एक पेनी

नोव्हेंबरात आमच्या लरविकला
दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
त्या महिन्यात ओस्ला हॉलक्रोनं
गावाला शब्द दिले.
पन्नास हजार.

(एक दिलेला पाळताना
भल्याभल्यांची दमछाक होते.)

ती मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
बोटांना खवल्यांचा वास,
आणि आजवर लिहिलेलं सगळ्यात लांब काही
म्हणजे वीज कंपनीला केलेली तक्रार.
आता तीस दिवसांत कादंबरी,
दर शब्दामागे एक पेनी, गावानं मिळून,
आणि जमेल त्यातून इस्पितळाला
एक उघडमिटीची खाट,
रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या माणसासाठी.

गिबीजवळ ती अकरा रात्री
प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.
हे तिनं कुणाला सांगितलं नाही.
तिची पाठ सांगते, पायऱ्या चढताना.

माझी बेकरी नाक्यावर,
म्हणून काचेवर आकडा लिहायचं काम माझ्याकडे.
लोण्यापिठाच्या बोटानं, रोज संध्याकाळी:
एकवीसशे चार. एकोणचाळीसशे.
म्हातारा मौट वर्गणी देताना अडून बसला,
"'आणि' धरायचे नाहीत.
'आणि'चे पैसे मी देत नाही."

पहिला आठवडा व्हेल मारणाऱ्या जहाजावर बरा गेला.
दुसऱ्यात शब्द आटले,
तेव्हा तिनं वारा वाढवला.
वारा फार, फार, फार जोरात वाहत होता.
"तीन पेनी," पाव घेताना ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
जहाजावरच्या कुत्र्याला तिनं चार नावं दिली
आणि कप्तान दर वेळी त्याला
चारही नावांनी हाका मारू लागला.
आम्ही हसलो.
खाटेचा एक पाय तरी त्या कुत्र्यावर उभा आहे.

मग बावीस तारखेला आकडा खाली आला.
एक्केचाळीस हजार सहाशेवरून
चाळीस हजार सातशे अठ्ठ्याऐंशी.
मला वाटलं, मीच चुकलो.

ती दारात उभी, कोट निथळतोय.
"काल कप्तान मेला," म्हणाली.
"मरताना बोलला. समुद्राबद्दल, देवाबद्दल,
बायकोच्या केसांबद्दल, थांबेचना.
लिहिताना मी रडले.
सकाळी वाचलं तर एक अक्षर खरं नाही.
काढून टाकलं."

"आठ पौंड बारा पेनी," मी म्हणालो.
बेकरीवाल्याला दुसरं काय सुचणार.

तिनं पर्स उघडली
आणि गल्ल्याजवळच्या डब्यात मोजून टाकले:
पाचाची नोट, तीन पौंड,
दहाचं एक नाणं, दोन सुट्ट्या पेन्या.
"शब्द परत घेतला ना मी."

"मग काय म्हणाला?"
"कोण?"
"कप्तान. शेवटी."

ती बराच वेळ पावांकडे बघत राहिली.

"म्हणाला, आज बुधवार ना?
कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का?"

व्हेलच्या जहाजावर बुधवारचा कचऱ्याचा डबा
कुठून आला, मी विचारलं नाही.
खिशात हात घालून बोटांवर मोजलं.
आठ शब्द.
काचेवर आठ मिळवले.

तीस तारखेला ती पोचली, कशीबशी,
शेवटचे दोनशे शब्द वाऱ्याचेच असावेत.
मौटनं पाकीट आणून दिलं.
मी 'आणि' वगळून हिशेब करायला घेतला,
तर म्हणाला, राहू दे.

खाट मार्चमध्ये आली. एक चाक करकरतं.
कादंबरी अजून कुणी वाचलेली नाही,
ती बुटांच्या खोक्यात आहे, असं ऐकतो.

काच मी कितीदा पुसली.
पहाटे भट्टी पेटते, काचेवर वाफ धरते,
आणि त्यात अजून दिसतं
चाळीस हजार सातशे शहाण्णव.